बंद खात्यावर नोंद

लिंकन, नेब्रास्का. सकाळचे सात.
कानाला हेडफोन, समोर दोन पडदे,
डाव्या हाताला टेपने चिकटवलेलं कार्ड :
‘माफी हा शब्द आपण होऊन उच्चारू नये.
शिल्लक शून्य होईल, असे म्हणावे.’

एका अर्थी मला ते पटतं.
माफ करायला आधी गुन्हा लागतो,
आणि अठराव्या वर्षी, न वाचता,
चौदा पानांच्या तळाशी सही करणं
हा गुन्हा की नुसता भाबडेपणा,
त्यावर तर सगळा देश भांडतोय.

घोषणा झाली त्या दिवशी रांगेत चार हजार फोन.
डुलुथची एक मुलगी, दातांच्या दवाखान्यातली,
काही न विचारता सात मिनिटं रडली.
मी फोन ठेवला नाही.
(ती सात मिनिटं माझ्या सरासरीत धरली गेली.)
मग ईरीचे मिस्टर ओबरहोल्झर, वय सदुसष्ट.
घेतले एकवीस हजार, भरले अठ्ठावीस,
देणं उरलं बत्तीस.
“मॅडम, मी शाळेत गणित शिकवायचो.
हे एवढं मला सोडवून दाखवा.”
व्याजानं मुद्दल गिळलं आणि ढेकरही दिला नाही.
कार्डावर यासाठी वाक्य नव्हतं.

रविवारी भाऊ आला जेवायला. लायल.
छपरं घालतो, चाळिशीतच गुडघे गेलेत.
बटाटे वाढून घेत म्हणाला,
“मी नाही गेलो कॉलेजात.
मग वकिलांच्या पोरांचं बिल
माझ्या घामातून का?”
वकिलांची पोरं आम्हाला फोन करत नाहीत, मी म्हटलं.
“तू तुझ्याच बाजूनं बोलणार.”
खरंय. माझेही एकोणीस हजार आहेत,
याच कंपनीत, याच संगणकात,
फक्त माझंच खातं उघडायला मला मनाई आहे.
त्याच्या मालकानं महामारीत सरकारकडून उचललेले पैसे
कुणी परत मागितले नव्हते,
हे माझ्या जिभेवर आलं होतं.
तो खुर्चीतून उठताना टेबलाला धरून उठला,
म्हणून गिळलं.
आई म्हणाली, मीठ द्या कुणीतरी इकडे.

गुरुवारी फोन आला
तो ज्याचं काहीच देणं नव्हतं अशा माणसाचा.
हार्लन टिबेट्स, बँगॉर, मेन.
खातं दोन वर्षांपूर्वीच बंद.
आवाज चढलेला :
“अकरा वर्षं भरले मी. लग्न पुढे ढकललं, दोनदा.
दुसऱ्यांदा ती थांबली नाही.
वडिलांची होडी विकली. आणि आता तुम्ही वाटत सुटलात?”
मी कार्डावर बोट फिरवत होते.
“पैसे परत नकोत मला,” तो एकदम म्हणाला.
मग काय हवंय, सर?
बराच वेळ नुसती त्याच्या फ्रीजची घरघर.
“कुठंतरी लिहून ठेवा, की मी फेडलं.”

फेडलं.
अंगावरचं ओलं कापड फेडावं
तसं एकेक वर्ष उतरवून ठेवलं असेल त्यानं,
आणि शेवटी बघतो तर
बाकीच्यांना कुणी कोरडे टॉवेल देतंय.
रागवू नये तर काय करावं?
तरी टॉवेल नको द्यायला, असंही मला म्हणता येईना.

टाइप केलं : टिबेट्स, हार्लन. सगळं फेडलं. होडीसकट.
पडद्यावर लाल पट्टी आली :
बंद खात्यावर नोंद करता येत नाही.
“लिहिलंत?”
हो सर, मी म्हणाले.

मग कोर्टानं घोषणाच मोडीत काढली.
सोमवारी नवं कार्ड आलं :
‘शिल्लक शून्य, असेही म्हणू नये.’
जुन्याचा टेप निघता निघेना,
नवं त्यावरच चिकटवलं.

पहिलाच फोन ईरीहून.
“मॅडम, तुम्हीच ना त्या दिवशीच्या?
सांगा. मी खडू घेऊन बसलोय.”